भाऊंच्या कार्यकर्त्यांस : दारातून थोडे बाजूला व्हा

तालुक्यातील सर्व कार्यकर्ते बंधुभगिनींस,

सप्रेम नमस्कार, जय गुरू, जय भीम.

मी तुमच्यापैकी बहुतेकांना ओळखतो आणि तुम्ही मला ओळखता. गेली २२ वर्षे मी या तालुक्यात लग्नाचे शूटिंग करतो आहे; तुमच्यापैकी कित्येकांच्या हळदीला, पोरांच्या बारशाला आणि सोसायटीच्या निवडणुकीनंतर निघालेल्या गुलालाच्या मिरवणुकीला माझाच कॅमेरा होता. तीन वर्षांपासून मी आपल्या भागाचे नेते भाऊ यांच्यावर माहितीपट करतो आहे, हेही आता कोणापासून लपून राहिलेले नाही. भाऊंना मी या कामासंबंधी स्वतंत्र पत्रे लिहिली आहेत. हे पत्र मात्र तुम्हाला लिहितो आहे, कारण माझे काम आज ज्या दारात अडले आहे त्या दारात भाऊ नाहीत, तुम्ही उभे आहात. भाऊंचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते सांगायची गरज नाही, आणि माहितीपट पूर्ण होऊन त्यात त्यांची बाजू येण्याआधी तालुक्याबाहेरच्या वाचकाने त्यांच्याविषयी मत बनवावे, हे मला योग्य वाटत नाही.

काय अडले ते आधी सांगतो. पहिल्या दोन वर्षांत ४१ माणसांनी कॅमेऱ्यासमोर बोलायला होकार दिला होता. त्यांपैकी १४ जणांनी यंदा पोळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या काळात आपला होकार मागे घेतला. कोणी त्यांना मारले नाही, कोणी दमदाटी केली नाही, हे मी स्वच्छ लिहितो, कारण जे घडले नाही त्याचा आळ मला तुमच्यावर घालायचा नाही. घडले ते एवढेच, की तुमच्यापैकी कोणीतरी त्यांच्या घरी गेले, चहा घेतला, पोराबाळांची चौकशी केली आणि उठताना म्हणाले, ‘काकाजी, पुढे काही काम पडणार नाही का?’ हे वाक्य मला वेगवेगळ्या गावांतल्या नऊ जणांनी जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले. बोलणाऱ्याच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती, असेही त्यांतल्या दोघांनी सांगितले, आणि माझा त्यावर विश्वास आहे.

त्या १४ जणांत एक मावशी आहेत. त्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळतात. नवरा गेल्यावर त्या अनुदानाचा अर्ज कसा भरला, दाखल्यासाठी किती खेपा घातल्या, मग कोणी सांगितले म्हणून त्या भाऊंच्या कार्यालयात जाऊन बसल्या आणि त्यानंतर काम कसे झाले, हे त्यांनी सपरीत बसून मला चाळीस मिनिटे सांगितले होते. त्यात भाऊंविरुद्ध एक शब्द नव्हता. उलट त्यांनी दोनदा भाऊंना आशीर्वाद दिला. तरीही ऑक्टोबरात त्यांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, ‘बापू, ते सारं पुसून टाक. पेन्शन बंद पडली तर मी कोणाच्या दारी जाऊ?’ मी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडला, दोन्ही हार्ड डिस्कमधून ते चित्रीकरण काढले आणि संमतीपत्र त्यांच्या हातात परत दिले. ते त्यांनी चुलीत घातले.

त्या पेन्शनचा पैसा राज्याच्या तिजोरीतून येतो आणि मावशींच्या बँक खात्यात जमा होतो. पात्रतेच्या अटी शासनाने छापून ठेवल्या आहेत. अर्ज तालुका पातळीवरच्या समितीपुढे जातो. त्या समितीवर अशासकीय सदस्य असतात आणि ते कोणत्या वाटेने नेमले जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मावशींच्या मनात मात्र ते भाऊंचे पैसे आहेत, आणि भाऊंनी दिलेले असल्यामुळे भाऊ ते काढूनही घेऊ शकतात. जे हक्काचे आहे ते उपकार म्हणून हातात पडते तेव्हा माणसाच्या तोंडाला कुलूप कसे लागते, याचा शोध हाच माझ्या माहितीपटाचा गाभा आहे. भाऊंचे खासगी आयुष्य, त्यांचे घर, त्यांची मुले-सुना यांच्याशी माझे काहीही देणेघेणे नाही, आणि त्यांतले एकही दृश्य मी घेतलेले नाही.

मी भाऊंना खलनायक ठरवायला निघालो आहे, असे बाजाराच्या दिवशी बोलले जाते. म्हणून आतापर्यंत जे चित्रीकरण झाले आहे त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग तुम्हाला सांगतो. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच विकत घेण्याची योजना, सुरू झाली, त्यानंतरची तीस वर्षे आपल्याकडच्या कास्तकाराचे अर्धे आयुष्य संकलन केंद्राच्या फाटकासमोर गेले. बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग दोन-दोन दिवस हलत नसे, बैल तिथेच चारा खात, माणसे गाठोड्यांवर झोपत, ग्रेडरने प्रत उतरवली तर हुज्जत घालायची ताकद कोणात नसे आणि चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, कधी मिळतील ते कोणी सांगत नसे. त्या फाटकासमोर एक तरुण पोरगा रात्री कंदील घेऊन रांगेतून फिरायचा, कोणाचा नंबर केव्हा लागला हे वहीत लिहायचा आणि मागून वशिल्याने आत शिरलेली बंडी सकाळी फाटकातच अडवायचा. तो पोरगा म्हणजे आजचे भाऊ. ती वही पाहिलेली सहा म्हातारी माणसे मला भेटली. त्यांतला एकजण आता ऐकू न येणारा, ८७ वर्षांचा आहे, पण नातवाने कानाशी तोंड नेऊन भाऊंचे नाव घेताच तो हसला आणि हवेत बोटाने लिहून दाखवू लागला. हे दृश्य माहितीपटाच्या अगदी सुरुवातीला आहे. रांगेत वशिला चालू न देणारा हा माणूस पुढे स्वतःच सगळ्या तालुक्याचा वशिला कसा झाला, हा प्रश्न मला पडला, आणि तो पडला नसता तर मी कॅमेरा उचललाच नसता.

भाऊंच्या कामाची मोजणीही मी करतो आहे, आणि ती जमेल तेवढी कागदावरून करतो आहे. खासदार निधीची योजना १९९३ साली सुरू झाली आणि २०११-१२ पासून प्रत्येक खासदाराच्या वाट्याला वर्षाला ५ कोटी रुपये येतात. खासदाराने काम सुचवायचे, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाने करायची, आणि काम झाल्यावर तिथे योजनेचे नाव, खर्च, तारखा आणि खासदाराचे नाव असलेला फलक लावायचा, अशी त्या योजनेची रीत आहे. म्हणजे भाऊंचे नाव फलकावर असण्यात गैर काहीच नाही. पण आपल्या तालुक्यातले जे ३४ फलक मी चित्रित केले, त्यांतल्या बहुतेकांवर नाव हातभर आणि खर्चाचा आकडा बोटभर आहे, किंवा नाहीच. समाजमंदिराजवळ खेळणाऱ्या पोरांना मी विचारले, हे कोणी बांधले? सगळी एका सुरात ओरडली, ‘भाऊनं!’ त्या पोरांना कोणी शिकवलेले नाही; फलक वाचून ती शिकली आहेत.

२००६ च्या शेतकरी पॅकेजचेही असेच. त्या वर्षी जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. थकीत पीककर्जावरचे व्याज माफ करणे हा त्याचा एक भाग होता. पुढच्या निवडणुकीत घरोघरी वाटलेल्या पत्रकात ‘भाऊंनी आणलेले पॅकेज’ असे छापले होते; त्याची एक प्रत मला एका शिक्षकांच्या जुन्या डायरीत सापडली. माहितीपटात ते पत्रक आहे, सरकारी कागदही आहे, आणि त्या काळात भाऊंनी कर्जाच्या प्रश्नावर किती सभा घेतल्या याची तालुक्याच्या साप्ताहिकातली कात्रणेही आहेत. तिन्ही एकापाठोपाठ एक येतात आणि मध्ये माझा आवाज येत नाही. पाहणाऱ्याने काय समजायचे ते समजावे.

आता तुमच्या आक्षेपांकडे वळतो. त्यांतले काही माझ्या तोंडावर घेतले गेले, काही फिरून कानावर आले.

पहिला प्रश्न पैशाचा, आणि तो रास्त आहे. राजकीय नेत्यावर चित्र काढणाऱ्याच्या मागे कोण उभे आहे, हे विचारण्याचा सगळ्यांना अधिकार आहे. आजवर या कामाला जो खर्च आला तो मी लग्नसराईच्या कमाईतून आणि दोन हंगामांच्या तुरीच्या पैशातून केला. उरलेला भार माझ्या शाळेपासूनच्या चार मित्रांनी उचलला. त्यांतले दोघे तुमच्याच पक्षाला मत देतात. कोणत्याही पक्षाचा, कारखान्याचा, ठेकेदाराचा किंवा इच्छुक उमेदवाराचा एक रुपया यात नाही. हिशोबाची वही स्टुडिओत टेबलावरच असते. ज्याला पाहायची त्याने येऊन पाहावी आणि फोटोही काढून न्यावा.

याच संदर्भात, भाऊंच्या अमृतमहोत्सवाच्या सत्कार समितीने मला जो निरोप पाठवला त्याचेही उत्तर इथेच देतो. ‘एवढे साहित्य जमवलेच आहे, तर अमृतमहोत्सवासाठी तासाभराचा गौरवपट करून दे, खर्चाची काळजी करू नको,’ असा तो निरोप होता. देणाऱ्याच्या मनात कपट नव्हते. माझी ओढाताण पाहून त्यांना खरोखर मदत करायची होती. गौरवग्रंथाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे आणि तिची मी टिंगल करणार नाही. मोठ्या माणसाच्या पंचाहत्तरीला त्याच्याविषयी चांगले तेवढेच बोलावे, ही रीतही आहे. पण गौरवग्रंथ वाचणाऱ्याला ठाऊक असते की हा गौरवग्रंथ आहे. माझ्या चित्रात ज्यांनी विश्वासाने तोंड उघडले, त्यांची वाक्ये त्या सत्काराच्या पडद्यावर निम्मी कापून लावली असती तर मला त्यांच्या गावात पाऊल टाकता आले नसते. म्हणून मी नाही म्हणालो. सत्काराच्या दिवसाचे साधे शूटिंग मात्र मी नेहमीच्या दराने आनंदाने करून देईन.

आपल्या देशात चालत्या चित्राचा कॅमेरा पुढाऱ्याकडे वळला तोच मुळी सत्कारातून. १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांचे स्वागत मुंबईत झाले, ते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी चित्रित केले. ही भारतातल्या वार्तापटाची सुरुवात मानली जाते. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि तिचे समाचारचित्र व माहितीपट सिनेमाच्या आधी दाखवणे चित्रपटगृहांवर बंधनकारक झाले. माझ्या वडिलांच्या पिढीने जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत बसून पुढारी पाहिले ते असे : कोनशिला बसवणारे, फीत कापणारे, विमानातून उतरून हात हलवणारे. त्या चित्रांनी देश जोडण्याचे काम केले हे मी मान्य करतो. पण तंबूतल्या माणसाला पडद्यावरच्या पुढाऱ्याला काही विचारता येते, असे त्या चित्रांनी कधी सुचवले नाही.

दुसरी वाटही त्याच काळात होती, आणि ती आपल्या अगदी जवळून गेली आहे. गांधीजी सेवाग्रामला राहत होते त्या वर्षांत ए. के. चेट्टियार नावाचा एक तमिळ पत्रकार त्यांच्यावरच्या माहितीपटासाठी देशोदेशी हिंडला, जिथे कुठे गांधीजींचे चित्रीकरण झाले होते तिथून फुटेज गोळा केले आणि १९४० मध्ये तो माहितीपट पुरा केला. राज्य इंग्रजांचे होते, तिजोरी त्यांच्या हातात होती, आणि हा माणूस एकटा होता. माझ्या कामाची तुलना मी त्या कामाशी करत नाही, पण जुनी कॅसेट मिळते का म्हणून चाळीस किलोमीटर मोटारसायकल हाणून रिकाम्या हाताने परततो, तेव्हा मला त्याची आठवण होते. कारण भाऊंच्या सुरुवातीच्या सभांचे चित्रीकरण कुठल्या संग्रहालयात नाही. ते आहे नव्वदच्या दशकात लग्ने शूट करणाऱ्या माझ्याआधीच्या शूटिंगवाल्यांच्या माळ्यावर, बुरशी चढलेल्या व्हीएचएस कॅसेटींत, अर्ध्या तासाच्या सप्तपदीनंतर अचानक सुरू होणाऱ्या सभेच्या रूपात.

तुमचा दुसरा आक्षेप असा, की ‘आधी भाऊंना दाखव, त्यांनी हो म्हटले तर गावात दाखव.’ यावर मी बरेच दिवस विचार केला. जो कॅमेऱ्यासमोर बोलला त्याला त्याचा स्वतःचा भाग मी दाखवतो, आणि आपल्या बोलण्याचा अर्थ बदलला आहे असे त्याला वाटले तर तो भाग दुरुस्त करतो किंवा काढतो. भाऊ बोलले तर हाच नियम त्यांनाही लागू आहे. त्यांच्या कारभारावर जे जे प्रश्न माहितीपटात येतात ते सगळे मी त्यांना आधी लेखी कळवले आहेत, जेणेकरून उत्तर द्यायला त्यांना वेळ मिळावा. तशी तीन पत्रे गेली, त्यांतली दोन रजिस्टर पोस्टाने, आणि तिन्हींचे उत्तर आलेले नाही. उत्तर आले तर मी ते पूर्ण ठेवीन. मात्र संपूर्ण माहितीपट आधी पाहून त्यात काय ठेवायचे आणि काय काढायचे हे एकट्या भाऊंनी ठरवायचे असेल, तर ते मला मान्य नाही. तसे मी मान्य केले तर रांगेतली माझी बंडी मीच वशिल्याने आत घातल्यासारखे होईल, आणि कंदील घेऊन फिरणाऱ्या त्या पोराला ते आवडले नसते.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे. ‘सेन्सॉर होऊ देणार नाही’ आणि ‘बदनामीची केस लावू’ अशा दोन वाक्यांत तो माझ्यापर्यंत आला. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र लागते, आणि ते मी घेणार आहे. माहितीपटकारांनी या प्रमाणपत्राच्या सक्तीला न्यायालयात आव्हान दिले त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. ख्वाजा अहमद अब्बास यांचा चार शहरांवरचा लघुमाहितीपट कात्रीत अडकला तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७० साली त्या प्रकरणाचा निकाल सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी दिला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले हे गृहस्थ आपल्याच भागाशी जोडलेले. त्यांनी चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरवली, तो निकाल मला बंधनकारक आहे आणि मी तो पाळतो. पण १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच एका चित्रपटाच्या एस. रंगराजन प्रकरणात असेही सांगितले, की निदर्शने होतील, मोर्चे निघतील किंवा हिंसा होईल अशा धमकीपुढे झुकून अभिव्यक्तीचा गळा आवळता येत नाही. असे प्रसंग हाताळणे हे शासनाचे कर्तव्य आहे. सेन्सॉर मंडळाने नकार दिला तर दाद मागायला पूर्वी एक अपील न्यायाधिकरण होते, ते २०२१ मध्ये बंद झाले आणि आता थेट उच्च न्यायालयात जावे लागते. माझ्यासारख्याला ती वाट खर्चाची आहे, तरी ती आहे.

बदनामीची तरतूद पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम ४९९ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तिच्यात अपवादही लिहिलेले आहेत : लोकहितासाठी केलेले खरे विधान, आणि लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाविषयी सद्भावनेने व्यक्त केलेले मत. माझा माहितीपट या अपवादांच्या आत राहावा म्हणूनच मी प्रत्येक आकड्यामागचा कागद मागतो आहे. माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज करणे आणि ३० दिवस वाट पाहणे हा माझ्या शूटिंगचाच एक भाग झाला आहे.

निवडणुकीच्या तोंडावर हे चित्र काढून कोणाला तरी फायदा करून द्यायचा आहे, असेही म्हटले जाते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत पंतप्रधानांवरच्या चरित्रपटाचे प्रदर्शन निवडणूक आयोगाने मतदान संपेपर्यंत थांबवले होते. स्तुतीचे चित्र असो की प्रश्नांचे, ऐन निवडणुकीत ते दाखवू नये, असे माझे स्वतःचेही मत आहे. आचारसंहिता लागू असलेल्या काळात आपल्या तालुक्यात मी हा माहितीपट कोणत्याही गावात दाखवणार नाही. हे इथे लेखी दिले आहे.

चित्रपटाची भीती कोणा एका पक्षालाच वाटते, असेही मी मानत नाही. आणीबाणीत सत्तेवर टीका करणाऱ्या एका चित्रपटाची निगेटिव्ह जप्त करून नष्ट केली गेली, आणि २०२३ च्या जानेवारीत पंतप्रधानांवरच्या एका परदेशी माहितीपटाच्या लिंक समाजमाध्यमांवरून हटवण्याचे आदेश निघाले. त्या दोन सरकारांत दुसरे साम्य शोधायला मी बसलेलो नाही.

आता माझ्या स्वतःच्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्या लपवून तुमच्याकडे मागणे मागणे योग्य होणार नाही.

पहिली माझ्या वडिलांची. वीस वर्षांपूर्वी त्यांना फवारणीची बाधा झाली. तालुक्याच्या दवाखान्याने नागपूरला न्यायला सांगितले, नागपूरला सरकारी रुग्णालयात खाट नव्हती आणि आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. माझ्या काकांनी गावात फोन केला, गावातून भाऊंकडे निरोप गेला, रात्री साडेअकराला भाऊंनी स्वतः फोन केला आणि पाऊण तासात वडील आत होते. ते वाचले, त्यानंतर नऊ वर्षे जगले. भाऊंचा हा उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि माहितीपटात मी हे माझ्या आवाजात सांगितले आहे. त्या व्हरांड्यात आमच्या शेजारी आणखी एक माणूस चादरीवर पडलेला होता. त्याच्यासाठी कोणाचा फोन आला नाही. तो कोणत्या गावचा होता, त्याचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. वडिलांना आत नेताना त्याच्या बायकोने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती वीस वर्षे माझ्याबरोबर आहे. भाऊंनी फोन केला हे खरे, आणि फोनशिवाय खाट मिळत नव्हती हेही तेवढेच खरे. या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात मावतात का, ते मला पाहायचे आहे.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. तुमच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याची मी दीड तास मुलाखत घेतली होती. सोसायटीच्या एका जुन्या व्यवहाराविषयी मी विचारले तेव्हा ते दीर्घ वेळ गप्प राहिले, मग बोलले. जोडणी करताना मी ती शांतता तशीच ठेवली, आणि पडद्यावर ते काहीतरी दडवत आहेत असे दिसू लागले. चार महिन्यांनी मूळ आवाज पुन्हा ऐकला तेव्हा लक्षात आले, की मागे जिनिंगचा भोंगा वाजत होता आणि तो थांबेपर्यंत थांबा, असे मीच त्यांना हाताने खुणावले होते. माझ्या प्रतीत मी भोंग्याचा आवाज काढून टाकला होता. म्हणजे एका सरळ माणसाला मी नकळत खोटा ठरवला होता. तो भाग मी बदलला आणि त्यांच्या घरी जाऊन त्यांना हे सांगितले. कॅमेऱ्याने अन्याय करता येतो, ही तुमची भीती मला पोकळ वाटत नाही ती यामुळे. म्हणूनच तुम्ही जोडणीच्या खोलीत येऊन आपापला भाग पाहावा, असा माझा आग्रह आहे.

आणि तुमच्याविषयी थोडे. ३० वर्षे खळीची बादली आणि पत्रके घेऊन रात्री भिंती रंगवणारे, पावसात सतरंज्या उचलणारे, भाऊंच्या गाडीत जागा नसताना मागून एसटीने सभेला पोचणारे तुम्ही. तुमच्या वावरालाही पाणी आलेले नाही, तुमच्याही पीककर्जाचे दरवर्षी नवे-जुने होते, तुमची पोरेही पुण्याला कंपनीत कंत्राटावर आहेत. सत्ता जवळून पाहिलेली या तालुक्यातली माणसे तुम्हीच आहात, आणि त्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याखेरीज तुमच्यापैकी एकानेही अजून कॅमेऱ्यासमोर सावकाश बसून आपली गोष्ट सांगितलेली नाही. तुम्ही भाऊंवर प्रेम का केले, त्या प्रेमाचे काय झाले, हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. भाऊंचे चित्र तुमच्यावाचून अपुरे राहील.

माझे मागणे असे आहे. ज्यांना बोलायचे आहे त्यांच्या घरी मुलाखतीच्या आधी किंवा नंतर जाऊ नका. गेलात तर चहा घ्या, चौकशी करा, पण ‘पुढे काम पडणार नाही का’ हे वाक्य बोलू नका. ज्या १४ जणांनी होकार मागे घेतला त्यांना मी पुन्हा विचारणार नाही. पण तुम्ही स्वतः जाऊन त्या मावशींना एवढे सांगू शकता, की बोलल्यामुळे पेन्शन बंद होत नाही. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही; तुमच्या सांगण्यावर बसेल. भाऊंपर्यंत माझे पत्र पोचले आहे की नाही एवढे तरी विचारा, आणि पोचले असेल तर ते ठरवतील त्या जागी, ठरवतील त्या दिवशी त्यांनी मला दोन तास द्यावेत, असे सुचवा. कंदील आणि वहीची गोष्ट मला त्यांच्या तोंडून ऐकायची आहे.

कापसाची दुसरी वेचणी आटोपेपर्यंत शूटिंग चालू राहील. जोडणीला पुढचा उन्हाळा जाईल. पूर्ण झाल्यावर पहिला खेळ मी आपल्याच तालुक्यात, संकलन केंद्राच्या त्या जुन्या फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत, परवानगी घेऊन रात्री करणार आहे. पुढच्या सतरंज्या तुमच्यासाठी असतील, आणि खेळ संपल्यावर माईक आधी तुमच्या हातात देईन.

दर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर मी बसस्टँडसमोरच्या स्टुडिओत असतो. कोणाकडे भाऊंच्या जुन्या सभांचे फोटो, कॅसेट किंवा पत्रके असतील तर घेऊन या. नक्कल करून मूळ वस्तू त्याच दिवशी परत देईन आणि घेतल्याची पावतीही देईन. ती नंबरांची वही कोणाच्या घरी, पेटीत किंवा फळीवर अजून असेल, तर निरोप तेवढा पाठवा, मी स्वतः येईन.

आपला,
तालुक्यातला एक शूटिंगवाला